सेला, आत ये

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि तुमच्याशी वाळूखालून बोलते आहे. घाबरू नका. वाळू पांढरी आहे, कोरडी आहे, आणि मी इथे एकटी नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन काम करत, कारण माझ्या पोटातल्या चकत्यांना धुळीचा कणही खपत नाही. चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई जराही न टेकता सरकते. तिने वाचलं की फोटो दिसतात, आवाज ऐकू येतात. ती जिथे टेकली, तिथला खेळ संपला. एवढं ध्यानात ठेवा.

बोटीतून हिंदकळत मी प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या हापाई बेटांवर आले, पांगाई गावात, सेमिसीच्या घरी. सेमिसी मासेमारी करायचा. तोंडाने मोठा आणि मनाने भित्रा माणूस! त्याची मुलगी सेला शाळेत गणित शिकवायची. समुद्राखालची तार तुटली की तिथलं इंटरनेट आठवडेच्या आठवडे गायब होई. म्हणून सेलाने एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये मला बसवलं आणि घरचा सर्व्हर केला. सिनेमे, चर्चमधली गाणी, लग्नांचे फोटो, सगळं माझ्याकडे. शेजारीपाजारी चटया टाकून बघायला बसत. काय माझा थाट होता तेव्हा! सेलाची आई कालोलाइने माझी पेटी फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "सगळं गाव पोटात घालून बसलीय, पण कुरकुर म्हणून नाही."

मग कालोलाइने वारली. घरामागे, नारळींच्या पलीकडे तिची कबर झाली. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला. तिची गाणी होती, पण सेमिसीचा जीव एका छोट्या चित्रफितीत होता. मागच्या अंगणात धूर झालेला, चुलीतून भाजलेले यामचे कंद काढलेले, आणि कालोलाइने डोळे चोळत मागच्या दारात वळते आणि म्हणते, "सेला, आत ये, जेवण निवतंय." बस्स, एवढंच. सेमिसी रोज दिवेलागणीला ते लावायचा आणि मगच जेवायला बसायचा. त्या वाक्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

खाऱ्या हवेने हळूहळू मला खाल्लं. मी टक टक करू लागले. सेलाने ते ऐकलं आणि चटईवर कागद पसरून नव्या सर्व्हरची आखणी केली.

"बाबा, ही म्हातारी झाली. दोन नव्या डिस्क घरात ठेवू, दोघींवर सगळं सारखं. तिसरी आत्याकडे, म्हणजे घरात समुद्र शिरला तरी धास्ती नाही. चौथी ऑकलंडला दादाकडे."

"अगं, तुझी आई शेजारच्या बेटावर जायला कां-कू करायची. तिला ऑकलंडला धाडतेस?"

"तिला नाही, बाबा. तिच्या आवाजाची प्रत."

"प्रत असली म्हणून काय झालं? थंडी वाजेल तिला तिथे."

दोघं हसले. आईनंतर त्या घरात ते पहिलं हसू होतं. नव्या डिस्क बोटीने आल्या आणि खोक्यांसकट कपाटात जाऊन बसल्या. सेला म्हणाली, "शनिवारी लागते कामाला."

शनिवारच्या आधीच सिनिवा आत्या आली. टोंगात भाऊ आणि बहीण एका खोलीत बसून टीव्ही बघत नाहीत, म्हणून बहीण आत आली तसा सेमिसी निमूट ओसरीवर गेला. आणि आत्या म्हणजे साधी पाहुणी नव्हे. भावाच्या मुलांनी तिचा शब्द मोडायचा नसतो. दिवे लागले, सेलाने ती चित्रफीत लावली. माझी सुई एका झिजलेल्या जागी अडकली. मी तिथले शब्द वाचायला पुन्हा पुन्हा धडपडत होते.

"सेला, आत ये. आत ये. आत ये. आत ये."

पडद्यावर कालोलाइनेचा चेहरा धुरात थिजला होता. ओठ हलत नव्हते. फक्त आवाज येत होता.

"काय झालं गं?" सेमिसी बाहेरून ओरडला.

"तुझी बायको आली आहे," आत्या म्हणाली. "कबरीत झाडाचं मूळ शिरलंय, ते टोचतंय तिला. म्हणून पोरीला बोलावतेय."

"आत्या, डिस्क बिघडलीय हो," सेला काकुळतीला आली. "आत्ता बंद करू द्या. मग एकदाच चालवून नव्या डिस्कवर उतरवून घेते."

"आई दारात आली आणि तिच्या तोंडावर दार लावतेस? हात लावशील तर बघ! आधी कबर. तोवर हे असंच चालू राहील."

सेलाने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. तिच्या जागी त्या गावातलं कोणीही असतं तर तेच केलं असतं.

त्यांनी कबर उकरली. मित्रांनो, मूळ खरंच सापडलं. ते तोडलं, किनाऱ्यावरून नवी वाळू आणली, तिथल्या रीतीप्रमाणे कबरीवर रंगीत गोधड्या लावल्या. त्या साऱ्या वेळात मी रात्रंदिवस फिरत होते आणि सुई त्या एकाच जागी घासत होती. शेवटची गोधडी लागली आणि घरातली हाक थांबली.

"बघ, निवांत झाली," आत्या म्हणाली. सगळे मोकळेपणी रडले. मी मात्र जाणत होते. ती जागा पार खरवडून गेली होती.

मग सेलाने खोकी उघडली. गाणी उतरली, लग्नं उतरली. चित्रफीतही उतरली. धूर दिसला, कालोलाइने वळली, "सेला" म्हणाली, आणि पुढे नुसते ओठ हलले. शेवटी मागून कोंबड्यांचा आवाज आला.

"पुन्हा लाव, पोरी," सेमिसी म्हणाला.

तिने लावलं. त्याने आणखी एकदा लावायला सांगितलं नाही. दाराबाहेर उभ्या आत्याने चेहरा हातांत लपवला.

उतरवता उतरवता माझी सुई मोडली, पण मला फेकून देणं सेमिसीला जमेना. त्याने मला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलं आणि कबरीच्या वाळूत पुरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी टक टक करत असेल. तिला भूत समजू नका. तिला आधी थांबवा, मग जपून एकदाच वाचा आणि एकीच्या तिघी करा. नव्या डिस्क कपाटात ठेवून कोणाचा आवाज वाचत नाही.

आता माझ्याकडे तार नाही, वीज नाही, सुई मोडली आहे. तरी दिवेलागणीला सेमिसी ती चित्रफीत लावतो आणि घरातून "सेला" ऐकू येतं. मग पुसलेल्या शब्दांएवढीच शांतता पडते. आणि त्या शांततेत माझ्या अगदी शेजारून, वाळूखालून, कोणीतरी उरलेलं म्हणतं, "आत ये."

सेलालाही ते ऐकू येत असावं. आधी ती मागच्या दारात येऊन थांबायची. काल अंगणात उभी होती. आज नारळींपर्यंत आली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तिला कोणीतरी घरात बोलवा.