खिडकीजवळच्या खुर्चीसाठी

आत्याला कोणी पसंतच पडेना, तेव्हा कंपनीत सगळ्यांनी हात टेकले. कंपनी म्हणजे तरी काय, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या आणि मोजकी माणसं. पण दारावर तशी पाटी होती आणि आत्याच्या धाकट्या भावाला तो शब्द फार आवडायचा. तो मालक. साठी उलटली तरी आत्या त्याला चारचौघांत 'बाळ' म्हणायची आणि तो मुकाट ओ द्यायचा. आत्याला मात्र सगळेच आत्या म्हणायचे, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा. खरं तर ती एकट्या ठकीची आत्या. ठकी ही बाळची मुलगी.

कंपनीत डोळे तयार व्हायचे. अपघातात नाहीतर आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी नकली डोळे. साचेवाला खोबणीचं माप घ्यायचा, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक तंतू चिकटवून शिरा उठवायचा, वरून पारदर्शक थर चढवून घासून गुळगुळीत करायचा. हे सगळं शिकवून येतं, असं आत्या म्हणायची. बुबुळ रंगवणं शिकवून येत नाही, असंही तीच म्हणायची. गिऱ्हाइकाला खिडकीजवळ समोर बसवायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत बटणाएवढ्या चकतीवर तस्संच बुबुळ उतरवायचं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा जन्म गेला होता. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. माणसांच्या डोळ्यांत इतकं बघून झाल्यावर एकाच्याच डोळ्यात काय बघायचं, असं हसत म्हणायची.

आणि खिडकीजवळ रडायचं नाही, हा तिचा कायदा होता. समोरच्याचा डोळा लाल झाला की बुबुळाचा रंग वेगळा दिसतो, आणि रंगवणारीचे डोळे सुजले तर विचारूच नका. लोक तिथे यायचे तेच मुळात रडून रडून, पण आत्यापुढे बसले की नाक पुसून गप्प व्हायचे.

बाळने जाहिरात दिली ती 'रंगकामासाठी सहायक पाहिजे' अशी. काम वाढलंय, तुला एकटीला झेपत नाही, असं तो म्हणाला. आत्या भांडेल म्हणून तो तयारीतच होता, पण ती "बघू" एवढंच म्हणाली. कारण तिच्याही पोटात एक गोष्ट होती. वर्षापूर्वी ती गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आली होती. डोळ्याचा पडदा झिजत चाललाय, ते म्हणाले. आधी रंग जातील, मग बारीक दिसणं जाईल. यावर ऑपरेशन नाही. तिथून बाहेर पडल्यावरसुद्धा ती रडली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई बसायला येणार होत्या.

तिने कोणाला सांगितलं नाही. रंगांच्या बाटल्या एका ठरलेल्या क्रमाने मांडायला लागली, खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली. जन्मभराचा हात आहे, तो काही एवढ्यात दगा देत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आणि खरंच, कोणाची तक्रार आली नाही. डोळा तयार झाला की तिला समोरच्या डोळ्याशी बरोबर जुळलेला दिसायचा. डॉक्टरांना काय कळतंय, असंही कधी कधी तिला वाटायचं.

पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला ठाऊक होतं, की आपली जागा घेणारं माणूस आपले डोळे धड आहेत तोवर शोधायला हवं. बाकी गिऱ्हाइकांचं एक वेळ काहीही होवो, तिला काळजी होती ठकीची.

ठकीचा डावा डोळा ती धड चालायलाही लागली नव्हती तेव्हा आजारात गेला. तिचा पहिला डोळा वाटाण्याएवढा होता आणि तो रंगवताना आत्याने तीन चकत्या फेकून दिल्या होत्या. पोर वाढते तसा डोळा अपुरा पडतो, मग नवा. बालवाडीत नवा, शाळेत नवा, कॉलेजात नवा. ठकीचं बुबुळ घारं, कडेला काळपट, आणि खालच्या अंगाला एक तपकिरी ठिपका, जणू रंगवताना कोणाच्या हातून थेंब पडला. तो ठिपका आत्याशिवाय कोणी रंगवला नव्हता. आता ठकी शाळेत शिक्षिका होती, स्वतःच्या बिऱ्हाडात राहायची, आणि वर्गातली मुलं गडबड करायला लागली की "माझा हा डोळा झोपतसुद्धा नाही हं" म्हणून त्यांना दमात घ्यायची. तिला मागच्याच वर्षी आत्याने नवा डोळा करून दिला होता.

म्हणून आत्याने परीक्षा ठरवली ती ठकीवरच. येईल त्याने ठकीला समोर बसवून तिचं बुबुळ रंगवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर रामराम. ठकीही रजा टाकून यायची आणि मुकाट बसायची.

पहिले आले ते एक नावाजलेले चित्रकार. त्यांनी बुबुळ असं काही चमकवलं की बाळ खूश झाला. आत्या म्हणाली, "डोळा छान आहे. फक्त कोणाचा आहे ते शोधायला लागेल." दुसऱ्या एका मुलीचा हात उत्तम होता, पण ठकीने नकली डोळा काढून दाखवताच तिने मान फिरवली, ती पुन्हा वळवलीच नाही. एक गृहस्थ रंगवता रंगवता इतकं बोलले, की ठकीचं डोकं दुखायला लागलं. बाळ कपाळाला हात लावून म्हणायचा, "ताई, तुला माणूस हवंय की देव?"

मग ती बाई आली. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. ती एका संग्रहालयात फुटकी भांडी जोडायची, त्यांवरची उडालेली नक्षी पुन्हा भरायची. ठकीने तिचं नाव लगेच ठेवलं, बशीवाली. आत्याने तिला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसली. बाळ दारात उभा होता.

बशीवालीने ब्रश उचललाच नाही. ती नुसती बघत राहिली. ठकीचा उजवा डोळा, मग डावा, पुन्हा उजवा. आत्याला ते आवडलं. घाई नाही, बडबड नाही, नजर ठरलेली. ही चालेल, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

"जरा काढून दाखवता?" बशीवाली म्हणाली.

एरवी ठकी टोपी काढावी तसा डोळा काढून हातावर ठेवायची. आज ती घुटमळली. तिने एकदा बापाकडे पाहिलं. "गरज आहे का त्याची?" तिने विचारलं.

"अगं, काढ ना," आत्या म्हणाली. "लाजतेस काय आज?"

ठकीने डोळा काढून दिला. बशीवालीने तो उजेडात धरला, उलटा केला, कडेवरून नख फिरवलं.

"हा जुना आहे," ती म्हणाली.

"छे हो. मागच्याच वर्षी केलाय मी."

"नाही. बरीच वर्षं वापरलेला आहे. वरचा थर पिवळा पडलाय, कडा झिजल्यात. आणि यांना तो लहान होतो. पापणी खाली येते, बघा ना."

आत्याने ठकीकडे पाहिलं, तर ठकी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. बाळ दारातून एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला.

"आणा इकडे," आत्या म्हणाली.

तिने डोळा घेतला. बघून काही कळेना, म्हणून अंगठा मागच्या बाजूने फिरवला. तिथे एक कोपरा जरा जास्त घासलेला होता. कॉलेजात असताना ठकी म्हणाली होती, आत्या, इथे टोचतंय, आणि आत्याने स्वतः बसून तो घासून दिला होता. अंगठ्याला ती जागा लगेच सापडली.

"नवा कुठाय, ठके?"

ठकीने पर्समधून एक डबी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

आत्याने एका तळहातावर जुना घेतला, दुसऱ्यावर नवा. खिडकीशी गेली. अगदी काचेला नाक लावून उभी राहिली. दोन्ही घारे. दोन्हींच्या कडा काळपट. दोन्हींना खाली तो ठिपका.

"सारखेच तर आहेत," ती म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी जाणवलं आणि तिने वळून विचारलं, "नव्याचा रंग कसा आहे?"

ठकीने बापाकडे पाहिलं, बापाने जमिनीकडे.

"अहो, तुम्ही सांगा," आत्या बशीवालीला म्हणाली.

"हिरवा," बशीवाली म्हणाली. "बराच हिरवा."

आत्या स्टुलावर बसली. कोणीतरी पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही.

"तू माझ्यासमोर हा जुना घालून बसत होतीस?"

"आधी नव्हते बसत," ठकी म्हणाली. "आधी तुझ्याकडे येताना खाली जिन्यात नवा घालायचे. परत जाताना जुना. मग एकदा विसरले गं. तशीच वर आले. तू मला खिडकीशी बसवलंस, कितीतरी वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, हा डोळा मला झकास जमलाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो."

आत्याला तो दिवस आठवला. घरी जाताना ती गुणगुणत गेली होती.

"बाळ," ती म्हणाली, "बाकीच्यांचे?"

"ताई, राहू दे ना आता."

"बाकीच्यांचे डोळे, बाळ. वर्षभर मी रंगवतेय. कोणी परत आलं नाही. कसं आलं नाही?"

बाळला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. वर्षभर तो दुसरं काही करतच नव्हता. पण आता त्याला ते जमलं नाही. दुसऱ्या गावात एक कारागीर होता. आत्याने रंगवलेली प्रत्येक चकती बाळ बाजूला ठेवायचा आणि गिऱ्हाइकांचे फोटो त्या माणसाकडे पाठवायचा. फोटोवरून केलेलं काम बेतास बात असायचं, पण रंग तरी बरोबर यायचा. साचेवाल्याला ठाऊक होतं. बाहेर टेबलाशी बसणाऱ्या मुलीला ठाऊक होतं.

"आणि माझ्या चकत्या?"

"आहेत. सगळ्या आहेत. माझ्या कपाटात कापसात ठेवल्यात." साठीचा माणूस लहान पोरासारखा रडवेला झाला होता. "टाकवल्या नाहीत गं मला."

आपण सगळ्यांपासून लपवतोय, असं आत्याला वर्षभर वाटत होतं. आपण किती सफाईने निभावून नेतोय, याचा तिला चोरटा अभिमानसुद्धा होता. आणि हे सगळे तिच्यापासून लपवत होते, तिच्याहून जास्त सफाईने. ती रोज सकाळी येऊन खिडकीशी बसत होती, लोकांच्या डोळ्यांत जीव ओतून बघत होती, आणि सगळं जात होतं एका कपाटात. तिला राग यायला हवा होता. पण रागावणार तरी कोणावर? या दोघांनी तिच्यावर माया केली होती, आणि त्या मायेने तिचं काळीज आज पार चिरून टाकलं होतं.

बशीवाली उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम यांना जुना डोळा घालून बसवलंय. ओळखता येतो का ते बघायला. मला वाटलं, हीच परीक्षा आहे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात तिच्याशी खरं बोललेलं हे पहिलं माणूस, आणि तेही चुकून.

"हीच होती," ती म्हणाली. "पास झालात. बसा."

"ताई, आज नको," बाळ म्हणाला.

"आजच. सहायक नकोय आपल्याला, बाळ, तुला आणि मला दोघांनाही माहितीये ते. बसा हो तुम्ही. त्या खुर्चीचा एक पाय हलतो, डावीकडे रेलू नका."

बशीवाली पुन्हा खुर्चीत बसली. आत्याने स्टूल ठकीच्या मागे नेलं, जिथून उजेड अडणार नाही. कोणत्या बाटलीत काय आहे ते सांगितलं. घाऱ्यासाठी आधी पिवळा घ्यायचा, तपकिरी नाही, हे सांगितलं. एकदा विचारलं, "खाली ठिपका आहे, दिसतोय ना?" बशीवाली म्हणाली, "दिसतोय." मग आत्याने पुढे काही विचारलं नाही.

बशीवाली ब्रश पाण्यात बुडवून रंगवायला लागली. थोड्या वेळाने ठकीचे खांदे हलायला लागले. रिकाम्या खोबणीतूनही पाणी येतं, हे लोकांना माहीत नसतं. बशीवालीचा हात थांबला.

आत्याने मागून ठकीच्या केसांवरून हात फिरवला, बालवाडीत असताना फिरवायची तसाच.

"रडू नको गं ठके," ती म्हणाली. "डोळा लाल झाला की रंग चुकतो."

ठकीने मान हलवली आणि नाक पुसून ताठ बसली. बशीवालीने पुन्हा ब्रश टेकवला. आत्या मागे अंधाऱ्या बाजूला होती, तिच्या डोळ्यांशी आता कोणत्याच रंगाचं काम उरलं नव्हतं, आणि ती आवाज न करता मनसोक्त रडली.