लिलियसची खुशाली

स्कॉटलंडमधल्या आमच्या ग्रीनॉकच्या बंदराला अमेरिकेचं जहाज लागलं आणि त्यातून कुणाच्या घरी पत्र आलं, की ते त्या घरचं राहत नाही, अख्ख्या गल्लीचं होतं. कप्तानाचा माणूस आमच्या दारात पत्र देऊन वळला न वळला, तोच शेजारची एफी ओले हात पुसत हजर. तिच्यामागून आणखी तिघी. कुणाच्या हातात विणकाम, कुणाच्या काखेत पोर.

"आलं का गं निनियनचं? दीड वर्षानं जाग आली का मेल्याला?" असं म्हणत एफीनं शेगडीजवळचं माझं स्टूल बळकावलंसुद्धा.

निनियन माझा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी बायकोला, मॅरियनला, घेऊन तो कॅरोलिनाला गेला. तिकडे पाइनच्या झाडांचं डांबर काढतात, डांबर भरायला पिंपं लागतात, आणि पिंपं करण्यापलीकडे आमच्या निनियनला काही येत नाही. ते निघाले तेव्हा त्यांची लिलियस तीन महिन्यांची होती, आणि इतकी रोडकी की जहाजाचा कप्तानच मॅरियनला म्हणाला, हिला घेतलीत तर वाटेत समुद्रात सोडावी लागेल. म्हणून ती माझ्याकडे राहिली. माझं लग्न झालेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही असं एफी सगळीकडे सांगत असते, आणि तेही काही खोटं नाही. पण पाच वर्षं ती पोर माझ्या कुशीत झोपली. ओटची पेज माझ्या हातची असेल तरच खायची. मी बंदरावर हेरिंग मासे साफ करायला बसले की ही पिंपांमधून धावायची आणि दिसेल त्या खलाशाला विचारायची, "तू माझ्या बाबाला पाहिलंस का?"

मग तिचे आईबाप तिकडे स्थिरावले, त्यांनी तिला बोलावून घेतलं. ओळखीचं एक कुटुंब निघालं होतं, त्यांच्याबरोबर मी तिला पाठवली. जहाजावर चढताना ती रडली नाही. "आत्या, तू उद्या ये," एवढंच म्हणाली. ती सुखरूप पोचल्याचं चार ओळींचं पत्र आलं, आणि त्यानंतर आजपर्यंत एक अक्षर नाही.

या दीड वर्षात मला एकच ध्यास होता. निनियन मला कधी बोलावतो? आणि तोवर पोर मला विसरली तर? पाच वर्षांचं लेकरू, त्याला किती दिवस आठवणार! आई म्हणायची, "ग्रिझेल, उगाच जीव जाळू नकोस, ज्यांनी मांडीवर वाढवलं त्यांना मुलं विसरत नाहीत." पण आईला काय, ती मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणते.

पत्रावरची लाखेची मोहोर मी सुरीनं सोडवली. मला वाचता येतं, लिहिता येत नाही. आमच्या गल्लीत बायकांचं असंच आहे. बायबल वाचता आलं पाहिजे म्हणून वाचायला शिकवतात, आणि लिहून बाई काय करणार म्हणून तिथेच थांबवतात. आई चरख्याशी बसली होती. तिनं चरखा थांबवला नाही, पण हळू केला.

"मोठ्यानं वाच गं," एफी म्हणाली, "आणि गाळू नकोस काही. मागच्या वेळी त्या मेरीनं नवऱ्याच्या पत्रातलं सगळं गोड गोड गाळलं होतं."

"त्यात गोड नव्हतंच काही," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी वाचायला लागले.

*प्रिय आई आणि ग्रिझेल, आम्ही सगळे देवाच्या दयेनं बरे आहोत. यंदा कामाला तोटा नाही. मॅरियनला घरचं एकटीनं होत नाही. आमच्या दोघांचं ठरलं आहे की ग्रिझेलनं आता इकडे यावं. हे पत्र घेऊन येणाऱ्या कप्तानाशी बोलणं झालं आहे. परतीच्या खेपेला तो तिला घेऊन येईल. लिलियसला तिची आत्या हवी.*

मला पुढचं दिसेना. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी झाली. एफीनं माझ्या पाठीवर असा काही धपाटा घातला की पत्रच हातातून पडलं.

"चालली गं बाई! चालली ही अमेरिकेला! आता तिकडचा एखादा म्हातारा डांबरवाला गाठ, म्हणजे झालं."

"आई, तुझं?" मी म्हटलं.

"माझं काय? मी पोर्ट ग्लासगोला तुझ्या बहिणीकडे जाईन. ते कधीच ठरलंय. पुढे वाच."

*लिलियसची खुशाली कळवतो. हिवाळा तिनं चांगला काढला. समोरचे दात येत आहेत म्हणून किरकिर करते.*

"सातवं वर्ष," एफी म्हणाली, "बरोबर आहे. पडून नवे येतात. माझ्या थोरल्यानं तर पडलेला दात ओटच्या भाकरीबरोबर गिळला होता."

*ग्रिझेलनं पाठवलेले पायमोजे मिळाले. ते तिला अजून फार मोठे होतात. मॅरियननं जपून ठेवले आहेत, पुढे होतील.*

यावर जो हशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. मी विणलेली कुठलीही वस्तू कुणाच्याही मापाची होत नाही, हे गल्लीला पाठ आहे. "अगं, पोरीसाठी विणलेस की तिच्या बापासाठी?" "तिला म्हणावं, एका पायमोज्यात दोन्ही पाय घाल!" मीसुद्धा हसले. माप तर मी ध्यानात ठेवून घेतलं होतं, सातव्या वर्षाचं, वर थोडं वाढतं. तरी मोठे? म्हणजे पोर खात नाही की काय? मॅरियनच्या हातची पेज तिला आवडत नसणार. मी गेले की बघते, असं मी मनात म्हटलंसुद्धा. पुढची ओळ मी हसत हसतच वाचली.

*आता ती बाकाला धरून उभी राहते. चार पावलं टाकते आणि धपकन बसते.*

कुणी हसलं नाही. विणकामाच्या सुया थांबल्या.

"आजारी होती," एफी घाईनं म्हणाली. "तापातून उठली असेल बिचारी. तिकडे ताप वाईट. पायातली शक्ती जाते, मग नव्यानं चालायला शिकवावं लागतं. येते परत शक्ती. आमच्या भावाची आली होती."

माझी लिलियस बंदरावर धावायची, तिला पकडता पकडता मला धाप लागायची, ती बाकाला धरून उभी राहते? पांगळी झाली माझी पोर, आणि हा गाढव मला दात नि पायमोजे सांगतोय! तरी मी वाचत राहिले. थांबणं माझ्या हातात नव्हतं.

*अजून बोलत नाही. नुसतं बा बा म्हणते आणि टाळ्या वाजवते.*

"देवा," मागून कुणीतरी म्हणालं.

ती मुलगी जन्मभराचं एका दिवसात बोलायची! झोपेतसुद्धा बोलायची! ताप डोक्यात गेला. एफीनं तोंडावर हात ठेवला. मी सगळ्यांकडे बघत होते, कुणीतरी सांगावं म्हणून की ग्रिझेल, तू चुकीचं वाचतेस, तुला नीट वाचता येत नाही.

तेवढ्यात चरखा थांबला.

"ग्रिझेल," आई म्हणाली, "पत्र खाली ठेव."

"का?"

"ठेव म्हणते ना. ही आपली लिलियस नाही."

मला तिचा असा राग आला! सत्तरीच्या पुढची बाई, हिला मधेच काय सुचतं! "नाही म्हणजे? नाव लिहिलंय इथं. तुला दिसत नाही, मला दिसतं. लिलियस! एकदा नाही, दोनदा लिहिलंय!"

"नाव तेच आहे," आई म्हणाली. "पोर वेगळी आहे."

बाकीच्यांना आधी कळलं. ते मला त्यांच्या तोंडांवरून कळलं. एफीनं तर माझ्या हातातून पत्र काढून घ्यायला हात पुढे केला. मी तो झटकला आणि उरलेल्या ओळी वाचल्या. मोठ्यानंच वाचल्या. का, ते मला सांगता येणार नाही.

*पहिलीचं सगळं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते पुन्हा लिहवत नाही. ही तिच्यापेक्षा अंगानं दणकट आहे. हिलाही तेच नाव ठेवलं, कारण आईचं नाव घरात राहिलं पाहिजे. तुमचा, निनियन.*

मागचं पत्र! कुठलं मागचं पत्र? आम्हाला मागचं पत्र आलंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं होतं. गल्लीतले लोक त्यावरच्या माणसांसाठी हळहळले, मीही चर्चमध्ये मान खाली घालून उभी राहिले होते. त्याच जहाजात माझी पोर मेल्याची खबर होती, आणि ती तळाला गेली. मी मात्र इकडे लोकर आणून तिचे पायमोजे विणत बसले.

आमच्याकडे हे सगळेच करतात. मूल गेलं आणि पाठीवर दुसरं आलं की तेच नाव. आजीचं नाव, आजोबांचं नाव, ते टाकून कसं चालेल? चार घरं सोडून एका घरात तीन अलेक्झांडर झाले, तिसरा जगला. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी बायांदेखत निनियनला नाही नाही ते बोलले. एक शब्द! 'धाकटी' एवढा एक शब्द पहिल्या ओळीत लिहिला असता तर तुझ्या कागदाला काय भोक पडलं असतं? मी हसले रे! माझी पोर जमिनीत आणि मी तिच्या पायमोज्यांवर हसले, सगळ्या गल्लीसमोर हसले!

एफीनं बायकांना बाहेर काढलं. जाताना तिनं न बोलता माझं स्टूल परत माझ्याजवळ सरकवलं. एफी न बोलता काही करते हे मी प्रथमच पाहिलं.

रडू मला आलं नाही. ते नंतर आलं. तेव्हा मी नुसती फेऱ्या घालत होते, शेगडीपासून दारापर्यंत, दारापासून शेगडीपर्यंत. दीड वर्ष रोज मी तिचं नाव घेऊन देवाला सांगत होते की तिला मला विसरू देऊ नकोस. मी कुणासाठी बोलत होते? तो ऐकत होता ना? मग त्याला सांगता आलं नाही, की बाई, पुरे कर?

"मी जाणार नाही," मी आईला म्हटलं. "त्यांना हवी असेल तर मोलकरीण ठेवा म्हणावं. त्या पोरीला मी त्या नावानं हाक मारू? माझ्या जिभेला ते होणार नाही. नाव चोरलंय तिनं."

"तिनं नाही चोरलं," आई म्हणाली. "तिला दिलं."

"तुला सोपं आहे. तुझंच नाव आहे."

"ते माझंही नाही गं."

मी थांबले.

"माझ्या आधी एक होती," आई म्हणाली. तिच्या हातात तुटलेला धागा होता, त्याचा पीळ ती बोटांनी सोडवत होती. "देवी येऊन गेली. वर्षाच्या आत मी झाले. चर्चच्या आवारात दगडावर तिचं नाव आहे, म्हणजे माझंच. लहान असताना मला वाटायचं, ही माझी जागा आहे, मला मोठं व्हायची परवानगी नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं? माझी आई मला हाक मारायची ना, लिलियस म्हणून, आणि मी धावत गेले की घटकाभर माझ्याकडे बघत राहायची. वेगळंच कुणीतरी आल्यासारखी. मारलं नाही तिनं मला कधी, उपाशी ठेवलं नाही. पण ते बघणं... आज सत्तर वर्षं झाली, अजून आठवतं."

सत्तर वर्षं या बाईनं हे पोटात ठेवलं होतं, आणि तिच्या हाताखाली वाढलेल्या मला त्याचा वाससुद्धा आला नाही. आईनं मला जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. तिनं धागा जोडला आणि चरखा चालू केला.

जहाज सुटायच्या आधी उत्तर द्यायला हवं होतं. शाळेचे रँकिन मास्तर दुपारी आले. आमच्या गल्लीची सगळी पत्रं तेच लिहितात. कोरडा माणूस, पण अक्षर वळणदार. त्यांनी टेबलावर कागद पसरला, दौत उघडली आणि म्हणाले, "सांगा ग्रिझेलबाई."

"लिहा. निनियन, तुझं मागचं पत्र पोचलं नाही. आम्हाला काही ठाऊक नव्हतं."

लेखणी क्षणभर अडली, मग चालू लागली.

"तिला कुठे पुरली ते सांग. झाड आहे का तिथे, ते सांग. तिच्याजवळ कोण बसलं होतं? शेवटी बोलत होती का? तिनं..." मला श्वास घ्यावा लागला. "तिनं माझं नाव काढलं का, ते लिही. नसेल काढलं तर तसं लिही. खोटं लिहू नको."

मास्तरांनी सगळं लिहिलं. वर बघितलं नाही. बरं केलं त्यांनी.

"आणखी?"

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीकडे बघितलं. सत्तरी उलटलेली बाई, आणि पाठ एखाद्या लहान मुलीची, ओरडा खायची वाट बघत बसलेली.

"लिहा, की मी येते," मी म्हटलं. "याच कप्तानाबरोबर. हे उत्तर मीच घेऊन येईन, हातात देईन."

"आणि लिलियसला काय लिहू? आत्याचे आशीर्वाद, आत्याची आठवण, असं काही?"

"नको मास्तर," मी म्हटलं. "तिनं मला अजून पाहिलेलंच नाही."