वाफा भरत आला असेल

कुसळ... साडीच्या काठाला, घोट्यापाशी, एकच राहिलेलं. समोरच्या मुलीची नजर टॅबवरून उठली की इथेच पडणार असं वाटून कस्तुरानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, पाण्याची मोटार चालूच राहिली आहे. फाटकाशी स्कूटी दिसली तेव्हा ती कांद्याला पाणी देत होती. पाणी नव्या वाफ्यात वळवलं, मागच्या दारानं घरात शिरली, पायांचा चिखल धुतला, खोचलेल्या निऱ्या सोडल्या आणि चहाचं आधण ठेवलं. मोटार मात्र तशीच... आता तो वाफा भरत आला असेल.

मुलीचं नाव हर्षाली. पिंपळे सौदागरहून, कुठल्याशा संस्थेकडून आलेली. चाकणच्या आसपासची शेती अजून किती वर्षं घरं पोसू शकेल ते मोजत गावोगाव फिरत होती. नवऱ्याची, गणराजची, सेकंड शिफ्ट, म्हणून तो घरी होता, आणि सगळी उत्तरं तोच देत होता. कस्तुराच्या वाट्याला एकच प्रश्न आला होता.

"आणि ताई, तुम्ही काय करता?"

"मी घरीच असते."

किती पटकन म्हणाले मी! कुणी बळजबरी केली नव्हती. धाकट्या बहिणीच्या सोसायटीत, हळदीकुंकवाला, हेच तर म्हटलं होतं – आणि म्हणताना बरं वाटलं होतं, उगाच कशाला नाकारा. लग्नात अण्णा सगळ्यांना सांगत होते, पोरगी कंपनीवाल्याला दिली, आता तिला बांधावर जायला नको. पुढे सासूबाईंची कंबर गेली आणि दोन दिवसांसाठी म्हणून तिनं खुरपं हातात घेतलं... ते दोन दिवस अजून संपले नाहीत. गणराजला कुणी विचारलं तर तो म्हणतो, ही जरा लक्ष देते.

वाफा भरला असेल. पाणी बांधावरून पलीकडे निघालं असेल. परवा लावलेली रोपं, मुळं अजून धरायची आहेत, ती उखडून वर तरंगायची... उठावं का? पण उठून सांगणार काय? घरीच असणाऱ्या बाईला शेतात एवढी कसली घाई!

"पुढची दहा वर्षं ही शेती टिकेल असं वाटतं का, दादा?"

"टिकंल कशी, मॅडम? करणारं माणूसच न्हाई घरात. मी कंपनीत, ही घरी."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तिला लागलं. दुपारी, गणराज शिफ्टला निघायच्या आत, एक ट्रेलरवाला यायचा होता. गाड्या उभ्या करायला त्याला रस्त्यालगतचं सपाट रान हवं होतं, म्हणजे तिचा कांदा होता तेच. आज त्याला हो म्हणून टाकू, असं गणराज सकाळीच बोलला होता. का म्हणू नये त्यानं? बायको घरीच असते. मीच तर सांगितलं.

रान दिलं की गुडघ्यांची तरी सुटका होईल... सकाळी उजाडेपर्यंत झोपता येईल. क्षणभर तिला खरोखर हलकं वाटलं. आणि उठल्यावर? चहा झाल्यावर? मागचं दार उघडून कुठे जायचं? समोर मुरूम टाकलेला, ट्रेलरांची रांग...

"म्हणजे पूर्ण वेळ शेती करणारं कुणीच नाही," हर्षालीचं बोट काचेवर थांबलं, "असंच टाकू ना, ताई?"

"टाका की," गणराज म्हणाला.

कस्तुरानं पाय खुर्चीखालून पुढे घेतला. आणखी पुढे, पार त्या मुलीच्या चपलेपर्यंत. भेगांत चिखल राहिला होता, काठाला कुसळ होतं. बघ ना गं, एकदा खाली बघ...

हर्षाली टॅबकडेच बघत होती. ही खाली बघेल म्हणून मघापासून छातीत धडधडत होतं. आता ती बघत नव्हती, तरी धडधड वाढतच चालली होती, आणि मागच्या दारातून मोटारीचा आवाज येत होता.