अर्धा तास आधी

दुकान गेलं, आरसे गेले, पण केस कापायची फिरती खुर्ची दादाने घरी आणून ठेवली होती. धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेतून काही कळेपर्यंत ती विकायची नाही, असं त्याने बायकोला बजावलं होतं. त्याच्या तळहातांवर लाल चट्टे उठत, खवले सुटत, बोटं वाकवली की भेगांतून रक्त येई. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं बहीण गिऱ्हाइकांना सांगून थकली. पण असला हात मानेवर कोण फिरवून घेणार? डॉक्टरांच्या मलमाने चट्टे दबत, आणि मलम थांबलं की दुप्पट जोमाने उठत.

बहीण एका झुडपाच्या पानांच्या अर्कावर काम करत होती. उंदराच्या कानाला आधी अर्क लावायचा, अर्ध्या तासाने दाह आणणारं तेल, मग कानाची जाडी मोजायची. सूज निम्मीच येई. रीतच तशी होती, सगळे तसंच करत. एक दिवस तिलाच राहवलं नाही. तिने आधी तेल लावलं, कान लालबुंद होऊ दिले आणि मग अर्क लावला. सूज हलली नाही. अर्क दुप्पट केला. तरी नाही.

"हे लिहायचं कशाला?" प्रयोगशाळेतले तिचे सर म्हणाले. "आधी लावून चालतंय ना? शोधनिबंधाला तेवढं पुरे."

"पण सर, माणूस औषध मागतो ते आजार झाल्यावर."

"तुला काय साऱ्या जगाची खाज घालवायचीय?"

तिला एकाचीच घालवायची होती.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा दादा मनगटाने खुर्चीची धूळ पुसत होता. "या शास्त्रज्ञबाई! उंदीरमामा काय म्हणतात?"

तिने सगळं सरळ सांगितलं. आडवळणाने सांगणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"म्हणजे मला हे व्हायच्या आधी लावायला हवं होतं."

"हो."

"नशीबवान हो तुझे उंदीर. त्यांची सूज आधी कळवून येते." तो एकटाच हसला. मग आत वळून बायकोला म्हणाला, "विकत मागत होता त्या माणसाला निरोप दे गं. म्हणावं, खुर्ची घेऊन जा."

दादाने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि थोड्या वेळाने हाक मारली, "चिमणे, इकडे ये."

त्यांच्या वडिलांचे हात असेच होते, आजोबांचेही. दादाची पोरगी आली आणि शाळेत नखं दाखवावीत तसे हात पुढे करून उभी राहिली. नितळ, मऊ हात.

"हिला लाव," दादा म्हणाला. "हिला अजून काही नाही झालेलं."

"दादा, ते माणसांवर तपासलेलं नाही. आणि त्याचा परिणाम चारच तास टिकतो."

"मग दर चार तासांनी लावू. रात्री मी उठेन. खाजेने मला जाग असतेच."

बहिणीने पोरीचे हात हातात घेतले आणि पाहत राहिली.

"आत्या, झालं का बघून?"