जीपची वाटणी

गणू भगतचं वर्षश्राद्ध होतं न होतं तोच त्याच्या दोन्ही मुलांनी, बळीराम आणि हरेशने, वाटणी काढली. जमिनी सरकारजमा होऊन भूखंड मिळाले तेव्हापासून खांदा कॉलनीमागच्या त्या घराला वाटण्यांची चटकच लागली होती. गाळे वाटून झाले, तांब्याची भांडी वाटून झाली, देव्हाऱ्यातल्या टाकांचीही फाळणी झाली. बहीण वेणू हिने हक्कसोडीवर सही केली आणि साडी घेतली, म्हणजे तिचंही उरकलं. राहिली होती अंगणातली जीप.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, चारही चाकांना ओढ देणारी. गणूने ती तरुणपणी आणली आणि जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणाचा पाना तिला लागू दिला नाही. पोरं क्रिकेटच्या मागे, त्यामुळे हाताखाली वेणू. गाडीखाली उताणा पडून बाप बोलत राही आणि लेक ऐकत राही. तो माणूस घरात मुका होता. जीपखाली गेला की त्याला वाचा फुटे.

वेणूला ती जीप हवी होती. कर्नाळ्याकडे डोंगराच्या पोटात तिचं सासर. पावसाळ्यात त्या चढाच्या चिखलात टेम्पो फिरकत नाहीत. नवऱ्याचा पाय अधू झाल्यापासून काकड्या-शिराळ्यांच्या पाट्या ती एकटीच डोक्यावरून हमरस्त्याला आणत होती. मानेचं दुखणं आता झोपू देत नव्हतं. ही जीप तो चढ हसत चढली असती, आणि वेणूला ती चालवताही येत होती. पण मागायचं कुठल्या तोंडाने? सही देऊन बसलेल्या बहिणीने काही मागितलं की भावांना दरोडा पडल्यासारखं वाटतं.

वाट काढली आईने. भगतांच्या घरात एक रीत होती. बापाने आणलेली वस्तू मोडून वाटायची नाही. ती अख्खी राहते आणि कुणाला द्यायची ते आई ठरवते. मुलाने स्वतःच्या कमाईतून घातलेलं मात्र ज्याचं त्याला. आता जीपचं इंजिन मी आणलं म्हणून बळीराम छाती पिटत होता आणि गिअरबॉक्स माझा म्हणून हरेश. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी कळंबोलीहून शकील मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि सरळ हात वर केले.

"यात कोणाचं काय बसवलंय ते गणूचाचालाच मालूम. नाहीतर वेणूताईला विचारा. पाने तीच द्यायची."

चुलीपाशी हौसाबाईने लेकीचा दंड धरला. "सगलं बाबाचं हाय, येवडंच बोल. फुडचं मी बगते. जीप तुलाच देते, कोन आडवा येतो बगू."

"बोलते गं आय," वेणू म्हणाली. एवढंच तर बोलायचं होतं.

ती अंगणात आली. बळीरामने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. या घरात भावाने बहिणीला खुर्ची दिलेली तिने पहिल्यांदाच पाहिली.

"वेणू, तुला सगलं म्हाईत हाय. तू सांगशील ते आमी मानू," तो म्हणाला.

"ताय, बाबाच्या नंतर तूच," हरेशने री ओढली.

झालं! त्या दोन वाक्यांनी बाईचं डोकं फिरवलं. चाळिशी आली तरी या दोघांनी तिला साधं आमटीत मीठ किती, हेही कधी विचारलं नव्हतं. ती खुर्चीवर बसलीच नाही. तिने पदर खोचला आणि बॉनेटमध्ये वाकली.

"मुळात हिला पेट्रोलचं इंजिन होतं. ह्ये बग, चासीवर त्याचे जुने पाय अजून हायेत. डिझेलचं बसत नवतं, म्हनून बाबानं मागं नवे पाय वेल्ड केले."

दारात हौसाबाई खाकरली. वेणूला ऐकू आलं नाही असं कसं म्हणावं? ऐकू आलं होतं. पण दोन्ही भाऊ तिच्या बोटामागे माना वळवत होते, शकील "वा ताई" म्हणत होता, आणि बापाचे शब्द इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून सुटत होते. त्या घटकेला तिला जीप नको होती, डोंगर नको होता. फक्त बोलत राहायचं होतं.

"मंग डिझेल कोनी आनलं?" बळीरामने विचारलं.

"तूच की दादा. तुला भरावाचं पयलं काम मिलालं तवा."

ती गाडीखाली सरकली. तिथून तिचा आवाज येत राहिला, गणूसारखाच, मोकळा. "आन तीन गिअरचा बॉक्स आकूड असतो. ह्यो लांब हाय, चार गिअरचा. तो बसवला म्हनून मागचा शाफ्ट कापून जोडायला लागला. सांधा बगा. ह्यो हरेशनं आनला, लग्नाच्या वर्साला. फुडच्या चाकांची पेटी तेवडी बाबाची."

"वेणू!" हौसाबाई ओरडली.

वेणू बाहेर आली तेव्हा निकाल लागला होता. भाऊ एकमेकांना टाळ्या देत होते. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते. इंजिन बळीरामचं, गिअरबॉक्स हरेशचा, उरलेला सांगाडा भंगारात. शकीलने टेम्पोतून साखळी-कप्पी काढली. वेणूच्या हाताला ग्रीस लागलं होतं, आणि जीप हातची गेली होती.

आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जलमात एकदा इचारलं तुला त्यांनी," एवढंच पुटपुटून ती आत गेली.

इंजिन गिअरबॉक्सपासून सुटेना. शकीलने बोल्ट काढले, तरी ते जागचं हलेना. हरेशने घण मागितला. पहिला घाव बसला आणि वेणूच्या दातांतून कळ गेली. दुसरा तिला ऐकवेना.

"थांब, मेल्या! फुटेल ती!"

वरच्या अंगाला, हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही असा एक बोल्ट राहिला होता. तो कुठे आहे हे जगात आता तिला एकटीलाच माहीत होतं. ती पुन्हा गाडीखाली गेली, बापासारखी उताणी पडली आणि चाचपून त्याला पाना लावला. बोल्ट सुटला. इंजिन साखळीवर अलगद वर गेलं, कुठे ओरखडासुद्धा न येता.

"दुसरा कोन असता तर तोडूनच काडलं असतं," बळीराम कौतुकाने म्हणाला.

वेणू उठून बसली. आता बोलून काही उपयोग नव्हता, तरी तिच्याने राहवलं नाही. "दादा, मला हवी व्हती रे ही. सासरच्या चढाला."

बळीराम खरंच चकित झाला. त्यात लबाडी नव्हती, हेच वाईट. "मंग आदी नाय का बोललीस? आमाला कुटं चालवायची व्हती? बाबाची हाय बोलली असतीस तर आमी आयच्या शब्दाभायेर गेलो असतो काय?"

हरेश वाकून गिअरबॉक्सकडे बघत होता.

"ताय," तो म्हणाला, "आता माजापन जरा सोडवून दे."

तिने पाना उचलला.