नवव्या चित्राची धून

तीन दिवसांत मी बारा धुनांच्या सुरुवाती मिळून पाच-सहाशे वेळा तरी वाजवल्या असतील. शेवट एकाही धुनेचा नाही. मानेवर व्हायोलिनचा वळ उठला होता, उजवा खांदा माझा राहिला नव्हता, आणि कुणी दारातून आत आलं की मला त्याचा मनापासून राग यायचा.

नियम कलादालन चालवणाऱ्या बाईंचा. भिंतींवर ताईची बारा चित्रं, आणि प्रत्येक चित्राला मी बांधलेली चार मिनिटांची धून. माणूस चित्रापुढे उभा राहिला की मी कोपऱ्यातून त्या चित्राची धून सुरू करायची, तो हलला की असेन तिथे तोडायची. "नुसती चित्रं बघायला हल्ली कुणी येत नाही हो," बाई म्हणाल्या होत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. जोडीला त्यांनी एक मूकनाट्यवाला आणला होता. पन्नाशीचा, टकलू, नखशिखांत काळ्या कपड्यांत. चित्राच्या बाजूला तोंड आपल्याकडे करून उभा राहायचा आणि बघणाऱ्याची हुबेहूब नक्कल करायचा. मान वाकडी केली की मान वाकडी, जांभई दिली की जांभई. आम्ही त्याला आरसा म्हणायचो. साहजिकच लोक चित्र सोडून आरशालाच बघायचे, हसायचे, फोटो काढायचे आणि पुढे सरकायचे. वीस सेकंद, फार तर तीस.

वादकाला याचं वाईट वाटायला हवं. मला हायसं वाटत होतं, कारण नवव्या चित्राची धून मी जेमतेम एक मिनिटाची केली होती.

नववं चित्र आईच्या खोलीचं. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि ताईने अकरा वर्षं तिचं सगळं केलं. उचलणं, बसवणं, कूस बदलणं. ब्रशला हात लावला तो आई गेल्यावरच. मी कार्यक्रमांच्या मधल्या फटीत येऊन जायचो. प्रदर्शन ठरलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली होती, "बाकीच्यांचं कसंही कर. नवव्याची तेवढी नीट कर."

मी हो म्हणालो, आणि नेमकी तीच शेवटी ठेवली. मग वेळच झाला नाही. माझ्या या नेहमीच्या वाक्याला पाय फुटले असते, तर ते एकटंच आईला रोज भेटून आलं असतं. आता ताईला हे कळू नये, एवढीच माझी तीन दिवसांची धडपड होती. नवव्यापुढे कुणी जरा रेंगाळलं की मी सेकंद मोजायला लागायचो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला दालन रिकामं झालं. आरसा स्टुलावर बसून घोटे चोळत होता. बाई फोनवर होत्या. मी व्हायोलिनचा गज पुसायला घेतला. तेवढ्यात दाराशी अभिप्रायाच्या वहीजवळ तीन दिवस बसून असलेली ताई उठली आणि सरळ नवव्यापुढे येऊन उभी राहिली.

"वाजव ना," ती म्हणाली. "मीही माणूसच आहे."

आरसा निमूटपणे जागेवर गेला. मी सुरू केलं. ताई हलली नाही. एक मिनिट संपलं, धून संपली, आणि मी गज न उचलता पुढे रेटत राहिलो. असलं पाणी घालून वाढवणं मला झोपेतही जमतं. माझ्यासमोर ताईची पाठ होती, पण आरशाचं तोंड माझ्याकडे होतं.

त्याचा डावा हात कमरेत रुतला होता. सगळा भार उजव्या पायावर. खांदे असे उतरलेले, की कुणीतरी अजून गळ्यात हात टाकून लोंबकळत असावं. तोंड किंचित उघडं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसू आलं नाही. ताई इतकी दमलेली आहे हे मला एका परक्या, टकल्या माणसाच्या अंगावर बघून कळलं, आणि माझी मला लाज वाटली.

मी गज खाली घेतला. "ताई, पुढचं मी केलंच नाही."

"कळलं ते." तिने मागे वळून पाहिलं नाही. "इकडे ये."

मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. ते चित्र मी नीट पाहिलंच नव्हतं, धूनसुद्धा फोनवरच्या फोटोवरून केली होती. पलंग, उशी, औषधांच्या बाटल्या. अलीकडे, दाराजवळच्या तिपाईवर एक कप. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"हा कुणाचा?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

"दर वेळी तुझ्यासाठी चहा करायचे मी. दर वेळी तू निघालेला असायचास. आई म्हणायची, असू दे, ठेव झाकून, येईल परत."

"ताई, मला..."

"बोलू नकोस आता. नुसता थांब. चार मिनिटं."

मी थांबलो. डोळे भरून आले म्हणून नजर बाजूला वळवली, तर आरसा आता माझी नक्कल करत होता. मान चित्राकडे, हात व्हायोलिनवर घट्ट, आणि डावं पाऊल दाराकडे वळलेलं.

मी खाली पाहिलं. माझं पाऊल खरंच दाराकडे होतं.

मी ते सरळ केलं. समोर त्यानेही केलं.