धाकटीचा सराव

टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांबलचक खोलीत फोन जोडून देणाऱ्या बायकांपैकी एकीनेही कधी चेंडूला हात लावला नसेल, पण तोंडी सदा खेळ. बोर्डावर बसून आपसांत गप्पा मारायच्या नाहीत असा नियम, म्हणून सगळं एकदोन शब्दांत भागवावं लागे. हमरीतुमरीवर येणारं गिऱ्हाईक म्हणजे 'कुस्ती'. आवरतं न घेणारं 'कसोटी सामना'. एखादा लाडात आला की त्याची तार उपटायची आणि हळूच म्हणायचं, "गेला तंबूत!" कुणी डोळे पुसत बाथरूमकडे धावली, तर शेजारीण सांगायची, "पोहायला गेलीय."

सगळ्या जिला धाकटी म्हणत, ती तीन महिन्यांची लेक घरी ठेवून कामावर परतली, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींनी एक जुना शब्द बाहेर काढला. सराव. रोज अकराला सासूबाई बाळाला घेऊन मागच्या जिन्यात येत. धाकटी तिला पाजायला पंधरा मिनिटं सटकायची आणि मावशी दोन्ही बोर्ड सांभाळायच्या.

कामाच्या वेळेत खुर्ची सोडली की देखरेखीवरच्या मोठ्या बाई वहीत नाव लिहीत. दुसऱ्यांदा लिहिलं की घरी. धाकटीचं नाव एकदा लागलं होतं, आणि नवरा अजून नोकरी शोधत होता.

एके दिवशी मावशी तापाने आल्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी, तिला स्वतःचाच बोर्ड झेपेना. अकरा वाजले. खालून लेकीचा टाहो ऐकू आला आणि धाकटीचा ब्लाउज ओला झाला. समोर गिऱ्हाइकांच्या दिव्यांची लुकलुक थांबेना. ती दात आवळून तारा लावत राहिली.

खांद्यावर हात पडला. मोठ्या बाई!

"मी उठले नाही हो बाई," धाकटी रडवेली झाली.

"तेच विचारतेय, का उठली नाहीस? पोर घसा फोडून घेईल. ऊठ, जा सरावाला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला शेंड्या लावता होय गं? तो शब्द आमच्या वेळचा. माझ्यासाठीच काढला होता पोरींनी. पळ!"

बाईंनी हेडफोन चढवला. दहा वर्षांत त्यांनी तारेला हात लावला नव्हता. धाकटी परत आली तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता, आणि एक दंतवैद्य व दोन कापडवाले एकाच तारेवर एकमेकांवर खेकसत होते.

"घे बाई तुझा बोर्ड," त्या घाम पुसत म्हणाल्या. "रोज एवढी कुस्ती करता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी वहीत धाकटीच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अकरा ते सव्वाअकरा, सुट्टी. आधीच्या नोंदीवर काट मारलेली होती.

लेक वरण गिळायला लागली, अंगावरचं सुटलं, तेव्हा धाकटी त्यांच्या टेबलापाशी गेली. आभार मानायचे होते, पण "आता सुट्टी नको, बाई," एवढंच म्हणाली.

"तुला नको असेल. ओळ खोडू नकोस, फक्त नाव खोड," बाई वही पुढे सरकवत म्हणाल्या. "त्या नव्या पोरीला उलट्या सुरू झाल्यात, पाहिलं नाहीस?"

धाकटीने स्वतःचं नाव खोडलं आणि जागा कोरी ठेवली. मग पुढे नव्या मुलीचा बोर्ड सांभाळायचा म्हणून त्यावर कोणते दिवे सकाळी अकराला लागतात, ते शिकायला तिच्या शेजारी जाऊन बसली.